लालबागमधली सात दिवसांची रजा

मी तेव्हा पायदळात हवालदार होतो, पोस्टिंग पुण्याला. डेकॅथलॉनसाठी, म्हणजे दोन दिवसांत दहा प्रकार खेळायच्या स्पर्धेसाठी, भारतीय संघात माझी निवड झाली होती. परदेशी निघण्याआधी सात दिवसांची रजा मिळाली. पलटणीचे प्रमुख, सीओ साहेबांनी ताकीद दिली, "मुंबईत गडबड आहे. मोर्चात दिसलास तर संघातून नाव काढीन."

"येस सर."

लालबागला आमच्या शेजारच्या खोलीत भिकू तांबे राहायचा. गिरणीत फिटर, शाळेपासूनचा मित्र. उड्या मारायचं वेड मला त्यानंच लावलं. त्या रजेतही तो रोज सकाळी सहाला मैदानावर यायचा. मी फेकलेली थाळी परत आणायचा आणि माझा डावा पाय कुठे चुकतो ते सांगायचा. आमच्या कोचलाही ते दिसलं नव्हतं.

पाचव्या दिवशी गिरण्या बंद होत्या. दुपारी भिकू दारात आला.

"राघो, नाक्यावर संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा आहे. येतोस?"

"मी वर्दीतला माणूस."

"आज कुठे घातलीस वर्दी?"

"नाही येत रे. तू जा."

तो हसला. "बरं. तू तिकडे पळ. इथलं आम्ही बघतो."

तीन वाजून दहा मिनिटांनी पहिला आवाज आला. चाळीतल्या कुणाला तो फटाका वाटला. मला तो आवाज ठाऊक होता. रायफल. मागोमाग आणखी चार. मी अनवाणीच जिना उतरलो.

नाका रिकामा झाला होता. भिकू पानाच्या ठेल्याला टेकून बसला होता, दोन्ही हात पोटावर. मी त्याला खांद्यावर घेतलं. परळचं इस्पितळ मैलभर. वाटेत तो एकदाच बोलला, "हळू रे, दुखतंय." मी वेग कमी केला नाही. तीन पंचवीसला पोचलो. चारच्या आत तो गेला. वय अठ्ठावीस.

पुण्याला परतल्यावर सीओंनी बोलावलं. "इस्पितळाच्या रजिस्टरात तुझं नाव आहे. मोर्चात होतास?"

"नो सर. जखमी माणूस पोचवला."

त्यांनी फाइल मिटली. "डिसमिस." म्हणजे, जा आता.

मी परदेशी गेलो, चौदावा आलो. पुढे आणखी दोनदा देशासाठी खेळलो.

पानवाल्यानं मला नंतर सांगितलं. पहिला आवाज झाला तेव्हा भिकू उभाच राहिला, मान वर करून, आवाज कुठून आला ते बघत. गोळी सुटली की जमिनीला चिकटायचं, हे आम्हाला रंगरूट असतानाच शिकवतात. गिरणीत कोण शिकवणार? तो दारात उभा होता तेव्हा मी एवढंच सांगायला हवं होतं. अर्धं मिनिट लागलं असतं.

महाराष्ट्र झाला त्या सकाळी मी रजा काढून चाळीत गेलो. भिकूच्या आईनं माझ्या हातावर दोन पेढे ठेवले. "ह्यो तुजो, नि ह्यो भिकूचो. दोनय खा."

मी तिच्यासमोर दोन्ही खाल्ले. ते अर्धं मिनिट तिला कधीच सांगितलं नाही.