गोटी सोडा आणि माझं संशोधन

लालबागच्या नाक्यावरच्या सोडावाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सोडा फोडताना तो अंगठ्याने गोटी दाबायचा आणि गिऱ्हाईक दचकलं की खूश व्हायचा.

एकदा त्याने विचारलं, "साहेब, काम काय करता?"

मी ऐटीत सांगितलं, "धुरातला कार्बन डायऑक्साइड द्रवात शोषून घेतो."

"म्हणजे सोडाच बनवता की!"

मी चिडलो. "आमचा द्रव तुमच्या पाण्याच्या कितीतरी पट गॅस धरतो. फक्त तो परत सोडवायला द्रव उकळावा लागतो. त्याला इतकं इंधन लागतं की तिथेच घोडं अडलंय. प्रयोग बंद पडायची वेळ आलीय."

त्याने सोडा फोडून दिला. मी रागारागात गटागटा प्यायलो आणि भर नाक्यावर दणदणीत ढेकर दिली.

"सुटला ना गॅस?" रिकामी बाटली परत घेत तो म्हणाला, "तुम्हाला कोणी उकळलं का?"