सारंगीच्या वर्गाचं पान

आमच्या संगीत विद्यालयाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तिथंच शिकले, आता तिथंच गाणं शिकवते. अमरावतीतलं जुनं, मानाचं विद्यालय. वर्धापनदिनाला स्मरणिका निघणार होती. गायन, तबला, हार्मोनियम, कथक, सगळ्या वर्गांवर लिहिलं. सारंगीला एक पूर्ण पान दिलं.

विद्यालयाच्या अध्यक्षांनी नेमकं तेच काढून टाकलं. "चार वर्षं चाललेला वर्ग, त्यात विद्यार्थी एक. हा काय इतिहास झाला?"

"ती एक विद्यार्थिनी मी होते," मी म्हटलं. ते हसले आणि पुढचं पान उलटलं.

सारंगी शिकवायला उस्ताद अकोल्याहून एसटीनं यायचे. घरचा धंदा कपडे रंगवायचा, त्यामुळे नखांच्या कडा कायम निळ्या. राजापेठेत फुलं विकणाऱ्या माझ्या बाबांना लोक विचारत, "पोरीले सारंगी कावून शिकवून राहिले?" उस्तादांनी ते ऐकलं. म्हणाले, "सारंगी थोडीच इचारते, वाजवनारा कोन हाय म्हनून!"

सारंगीची तार एका हाताच्या नखाच्या मुळानं दाबायची आणि दुसऱ्या हातानं तिच्यावर गज ओढायचा असतो. कातडी सोलायची, मी रडायची. "रड," ते म्हणत, "पन गज थांबवू नको."

एका शनिवारी त्यांना दारातच सांगण्यात आलं, वर्ग बंद. त्या खोलीत कीबोर्ड शिकवणार होते. ते आल्या पावली परत फिरले. मी सतरा वर्षांची होते, शेजारीच उभी होते. मी काही बोलले नाही.

उस्ताद आता हयात नाहीत.

समारंभात इतिहास मीच वाचणार होते. छापलेला वाचून झाला, आणि मी पर्समधून ते पान काढलं. अध्यक्ष पहिल्या रांगेतून म्हणाले, "बाई, वेळ संपली."

"माझं वाचून व्हायचं आहे."

दोन ओळींनंतर माइक बंद झाला. म्हटलं, करा बंद. इतकी वर्षं गळा तयार केला तो कशासाठी? शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात पान पूर्ण केलं, आणि त्यात न लिहिलेलंही सांगितलं: त्यांना दारातून परत पाठवलं तेव्हा मी गप्प होते.

आठवड्याभरात खुलासा मागणारं पत्र आलं. मी एका ओळीत कळवलं, "वाचलं ते खरं आहे, माफी मागणार नाही." वरच्या परीक्षांचे वर्ग माझ्याकडून गेले, नवशिक्यांचा तेवढा राहिला.

राहू दे. विद्यालयात गाणं शिकायला येणारं प्रत्येक मूल आता आधी माझ्यापुढे बसतं.