लाल ठिपक्याचा जोड

शिंपीणबाईंचा टीव्ही आपोआप चालू व्हायला लागला, तेव्हा त्यांनी आधी नवऱ्यावर संशय घेतला. रिमोट कुठेतरी उशीखाली टाकला असेल, बटण दाबलं गेलं असेल. पण एका दुपारी घरात त्या एकट्याच मशीनवर बसल्या होत्या, रिमोट समोर कापडांच्या ढिगावर पडलेला, आणि पाठीमागे एक बाई अचानक बातम्या सांगायला लागली. शिंपीणबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांनी वळून बघितलं तर पडदा उजळलेला. मग टक् असा आवाज झाला, पडदा काळा पडला, आणि थोड्या वेळाने पुन्हा टक्, पुन्हा तीच बाई. त्या दिवसापासून त्यांनी मशीन टीव्हीकडे तोंड करून ठेवलं. पाठ करायची हिंमतच होईना.

शेवटी त्यांनी टेस्टरला बोलावलं. टेस्टर म्हणजे कोपऱ्यावरच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाचा मालक. लोक खिशाला पेन लावतात तसा हा लहानपणापासून टेस्टर लावून फिरायचा, म्हणून ते नाव पडलं आणि असं चिकटलं की लग्नपत्रिकेवर छापायचं तेवढं राहिलं. दुकान खरं तर दोघा भावांचं. थोरला दादा बाकाशी स्टुलावर बसून बोर्ड दुरुस्त करायचा, आणि टेस्टर घरोघर जाऊन टीव्ही खोलायचा, बिघडलेला भाग दुकानात आणायचा, बरा झाला की परत बसवायचा. पायाचं काम धाकट्याचं, हाताचं काम थोरल्याचं, असं दादा म्हणायचा.

दादा झोपेतच गेला. त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. टेस्टरने दुकान बंद केलं नाही, पण दादाचं स्टूल हलवायला काही त्याचा हात धजावला नाही. तो आपला कोपऱ्यात खुर्ची ओढून बसायचा. काम करता करता न बघताच मागे हात पसरून "चिमटा दे" म्हणायचा, आणि पसरलेला हात तसाच राहायचा. कधी दुपारी रस्ता सुनसान असला की स्टूल करकरल्यासारखं वाटायचं. लाकूड आहे, उन्हाने तडकतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो वळून बघायचाच. वाईट एवढंच, की दादाची सफाई त्याच्या हाताला आली नाही. त्याने केलेले सोल्डरचे जोड ओबडधोबड व्हायचे, काही महिन्यांत सुटायचे, आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करून परत यायचं.

शिंपीणबाईंकडे त्याने आधी नुसतं बसून बघितलं. टीव्हीच्या खालचा लाल दिवा लुकलुकत होता. टक्, मग शांतता, मग टक्. टीव्ही जणू उठायला बघत होता आणि पुन्हा बसत होता. टेस्टरच्या लक्षात आलं, भुताचं काम नाही, पॉवर सप्लायचं आहे. त्याने बाईंना विचारलं, मेन बटण कधी बंद करता का? त्या म्हणाल्या, ते कपाटामागे आहे, कोण हात घालणार. मग झालं तर, टेस्टर म्हणाला. लाइट जाऊन आली की टीव्ही आपलाआपण सुरू व्हायला बघतो. आतला एखादा कपॅसिटर वाळलेला असणार, गार असताना त्याच्यात दम नसतो. दुपारी खिडकीतलं ऊन टीव्हीच्या पाठीवर येतं, आतला माल गरम होतो, आणि एकदाचा तो जागा होतो. शिंपीणबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं, पण टीव्हीपासून चार हात लांब उभ्या राहूनच.

त्याने जमिनीवर गोधडी अंथरली, टीव्ही पालथा घातला, स्क्रू काढून पाठ उघडली. वायर काढली तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून बसलेली असते, म्हणून त्याने आधी दोन तारांचा दिवा त्याच्या पायांना लावला. दिवा भपकन पेटला आणि विझला. मग तो बोर्डावर वाकला. बारक्या कपॅसिटरांच्या रांगेत एकाचं डोकं फुगून वर आलेलं होतं. चोर सापडला, असं म्हणत त्याने बॅटरीचा उजेड जवळ नेला आणि तिथेच थबकला.

फुगलेल्या कपॅसिटरच्या शेजारचे दोन आधीच कुणीतरी बदललेले होते. बोर्ड उलटा केल्यावर खालचे जोड दिसले. गोल, चकचकीत, टोकाला किंचित निमुळते. आणि दोन्ही जोडांशेजारी नेलपॉलिशचा एकेक बारीक लाल ठिपका.

दादा असा ठिपका लावायचा. पुढच्या वेळी पेटी उघडली की कळावं, इथे आपला हात लागून गेलाय. टेस्टर त्यावरून त्याची चेष्टाही करायचा, बोर्डाला टिकली लावतोस काय म्हणून. गावात दुसरं कुणी असं करत नव्हतं.

"हा टीव्ही कधीचा?" त्याने विचारलं.

"मुलीचं लग्न झालं तेव्हा घेतला. नवाकोरा," शिंपीणबाई म्हणाल्या. "दोन वर्षं होतील आता."

दादा तर त्याच्या आधीच गेलेला. टेस्टरने जोडावरून बोट फिरवलं, ठिपका नखाने खरवडून बघितला. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, तेवढ्यानेही तो दचकला. हा उघडला कुणी होता, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या की मागच्या वर्षी त्या मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, तेव्हा टीव्ही बंद पडला होता म्हणे. नवऱ्याने कुणाकडून तरी करून घेतला. नवरा आता कापड आणायला बाहेरगावी गेलेला, उद्या येईल.

टेस्टरने बोर्ड पिशवीत घातला आणि दुकानात आला. तो बाकावर ठेवून पाठ फिरवणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून घरी जाताना पिशवी बरोबर नेली. बायकोने विचारलं, जेवणात लक्ष का नाही? त्याने डोकं दुखतंय सांगितलं. खरं म्हणजे त्याला भीती वाटत होती, आणि त्या भीतीत आणखी काहीतरी मिसळलेलं होतं, ते कबूल करायला तो तयार नव्हता. ते खरं असावं असं त्याला वाटत होतं. दादा कुठेतरी अजून बोर्ड जोडत बसलाय, आणि आपल्याकडेच तेवढा येत नाही, असं वाटून त्याला रागही येत होता.

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाईंचा नवरा स्वतःच दुकानावर आला. कापडाचं गाठोडं उतरवत म्हणाला, "अहो, टीव्ही करून दिला त्या तुमच्या घरच्याच होत्या की. तुमच्या वहिनी. मला वाटलं, तुम्हीच पाठवलंत."

वहिनी दादा गेल्यावर पलीकडच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत होती आणि सकाळी एका पाळणाघरात कामाला जायची. भेट व्हायची, पण चहा पिऊन लगेच उठण्याइतकीच. घरात दादाचा विषय निघाला की दोघांनाही दुसरं काम आठवायचं.

दुपारी तो पिशवी घेऊन तिच्याकडे गेला. तिने दार उघडलं, त्याच्या हातातली पिशवी बघितली आणि काही न विचारता बाजूला झाली. खिडकीशी टेबल होतं. त्यावर दादाचं सोल्डरिंग आयर्न, दादाचा चिमटा, भिंग, आणि कोपऱ्यात नेलपॉलिशची बाटली. खोलीत सोल्डरच्या जळक्या राळेचा वास होता, दादाच्या बाकाशी यायचा तसाच. क्षणभर त्याने आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. तिथे पडदा हलत होता. वाऱ्यानेच.

त्याने बोर्ड टेबलावर ठेवला. वहिनीने तो उलटा करून बघितला आणि म्हणाली की हा तिसरा तेव्हाच बदलायला हवा होता. पण तसला कपॅसिटर तिच्याकडे नव्हता, आणि दुकानात मागायला यायचं तर काय सांगून मागायचा?

"वहिनी, तुम्ही हे दादाकडून कधी शिकलात?"

ती खाली बसली. "भाऊजी, ह्यांचे हात थरथरायला लागले होते. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं त्यांना. संध्याकाळी बोर्ड घरी आणायचे. ते शेजारी बसून सांगायचे आणि मी जोडायची."

टेस्टरला आठवलं. घरी शांतपणे करतो, दुकानात रस्त्याचा गोंगाट असतो, असं दादा म्हणायचा. टेस्टर कुरकुरायचा, की दुकान भाड्याने काय शोभेला घेतलंय? आणि गिऱ्हाईकांसमोर छाती फुगवून सांगायचा, की दादाचा जोड आहे, डोळे मिटून घेऊन जा.

"किती दिवस चाललं हे?"

"शेवटची काही वर्षं. ठिपका माझाच. आपला जोड कुठला ते मला कळावं म्हणून लावायची. पुढे ह्यांना आवडला, मग तेच लावायला सांगायचे."

तिने सांगितलं की दादा गेल्यावर तिने हे सगळं बांधून ठेवलं होतं. पण पाळणाघरातला टीव्ही बंद पडला, तो उघडला, आणि मग एकीने दुसरीला सांगितलं. दुपारी घरात बायका एकट्या असतात, त्यांना परका माणूस नको असतो. टेस्टरला सांगावंसं तिला वाटत होतं. पण सांगितलं असतं तर दादाचं गुपित उघडं पडलं असतं, आणि ते फोडायचा हक्क आपल्याला आहे की नाही हे तिचं तिलाच ठरवता आलं नव्हतं.

टेस्टरला राग यावा की रडू यावं, काहीच कळेना. दादा गेला तेव्हा तो धाय मोकलून रडला होता. पण ज्या हातासाठी रडला, तो हात समोर बसला होता, जिवंत, बोटांवर भाजल्याचे डाग असलेला. आणि थरथरणाऱ्या हातांचा, धाकट्यापासून ते खिशात लपवणारा दादा त्याला कधी दिसलाच नव्हता. तो माणूस त्याच्या नकळत गेला होता.

तो दुकानात परतला आणि अडगळीतल्या पेट्या काढून जुने बोर्ड एकेक करून उजेडात धरू लागला. दादाचा स्वतःचा, शेवटचा जोड कुठला, तो त्याला हवा होता. कुठेतरी थरथर दिसेल, वेडावाकडा थेंब दिसेल. पण वहिनी शिकताना दादासारखंच शिकली होती, आणि ठिपका तर नंतर आला. एक हात कुठे थांबला आणि दुसरा कुठे सुरू झाला, ते काही केल्या सापडेना. तळाशी काही खडबडीत जोड मिळाले, त्यांनी त्याला क्षणभर आशा लावली. मग ओळखले. ते त्याचे स्वतःचेच होते.

त्याने वहिनीला दुकानात येऊन बसायला सांगितलं. बाक आहे, उजेड आहे, लपूनछपून कशाला? ती नको म्हणाली. एकदा आली होती, म्हणाली, टेस्टर बाहेर गेलेला असताना. त्या स्टुलावर बसली आणि मागून कुणीतरी वाकून बघतंय असं इतकं वाटलं की परत पाऊल टाकलं नाही. टेस्टरने ते हसण्यावारी नेलं नाही. मग असं ठरलं की तो बोर्ड तिच्याकडे आणून देईल.

नवीन कपॅसिटर घेऊन तो पुन्हा गेला, तेव्हा ती त्याच्यासमोरच कामाला बसली. आयर्न तापलं, धूर वर चढला. काम करताना ती हळू आवाजात बोलायला लागली. प्लसचा पाय सोडवला. भोक साफ केलं. नवा बसवतेय, पट्टी उजवीकडे. भिंग तिच्या डोळ्याशी असायचं, शेजारी बसून दादाला इतकं बारीक काम दिसत नसे, म्हणून ती प्रत्येक पायरी सांगायची. ती सवय राहिली होती. प्रत्येक वाक्यानंतर ती किंचित थांबायची. तिथे दादा "हं" म्हणत असणार, हे टेस्टरच्या लक्षात आलं.

पुढच्या वाक्यानंतर ती थांबली, तेव्हा त्याच्या तोंडून "हं" निघून गेलं.

वहिनीचा हात जागीच राहिला. तिने वर बघितलं नाही. "भाऊजी, तेवढं नका म्हणू," ती म्हणाली. "तिथलं नका म्हणू."

तिने वाकून शेवटचा पाय जोडला, बाटलीचं झाकण फिरवलं, आणि तो जोड पुरा झाल्याचं सांगून थांबली. खोलीत कुणीच काही बोललं नाही. जरा वेळाने तिने मान डोलावली, आणि ठिपका लावला.