पंधरा दिवसांचा श्रावण

आमच्या घरात श्रावण पंधरा दिवसांचा असतो. रायपूरमध्ये दोन पंचांगं चालतात, त्याचा हा फायदा. शेजाऱ्यांचा सावन गुरुपौर्णिमा झाली की लागतो आणि राखीला संपतो. आम्हा मराठी लोकांचा श्रावण त्यांच्यामागून पंधरा दिवसांनी लागतो आणि राखीनंतरही पंधरा दिवस चालतो. माझ्या वडिलांनी रेल्वेच्या नोकरीसाठी विदर्भ सोडला, पण धर्म सोडला नाही. ते श्रावण मराठी पंचांगाने धरत आणि हिंदी पंचांगाने सोडत. ही परंपरा मी निष्ठेने चालवली आहे.

शेजाऱ्यांचा सावन लागला की मासळीबाजार ओस पडतो, आणि नेमके तेव्हाच मासे अंड्यांनी भरलेले असतात. माझी नेहमीची मासेवाली असा एक मासा माझ्यासाठी बाजूला ठेवायची, आणि त्या मानाचं मला भारी कौतुक होतं. पावसाळ्यात नदीत मासे धरायला बंदी असते, हे जन्मभर सरकारी नोकरी करून मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण बंदी धरणाऱ्याला असते, खाणाऱ्याला नाही, असा अर्थ मी लावून घेतला होता.

मुलगी समुद्रकाठच्या एका शहरात मासळीच्या अभ्यासाचं काम करते. गेल्या वर्षी याच दिवसांत ती आली, तेव्हा मी मोठ्या हौसेने नदीचा मासा रांधला. अंडी पाहून तिने ताट सरकवलं.

“बाबा, अभी तो इनका अंडे देने का टाइम है.”

“आपला श्रावण लागाचा आहे अजून,” मी म्हणालो.

“मछली कौन सा पंचांग देखती है?”

मला राग आला. माझ्या घरात मले शिकवू नको, असं काहीतरी बोलून गेलो. ती उपाशी उठली आणि दुसऱ्या दिवशी निघून गेली. वर्षभर फोनवर आम्ही फक्त हवापाण्याचं बोललो.

यंदा ती पुन्हा येणार म्हणाली, तेव्हा मी एकच ठरवलं: पोरीने माझ्या हातचं पोटभर जेवलं पाहिजे. बाजारात जाऊन मासेवालीला विचारलं, मासा कुठल्या पाण्यातला, धरला कसा, अंडी तर नाहीत ना. तिने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

“तबियत बने हे न, बाबूजी?”

तब्येत बरी आहे म्हटल्यावर तिने गावच्या तलावातला, पाळलेला रोहू पुढे केला. रोहू आम्ही एरवी, कोणी यायचं नसेल तेव्हा खातो. वर्षाने आलेल्या लेकीला तलावाचा मासा वाढायचा? समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आम्हा लोकांत मान समुद्राच्या माशाचा. शिवाय बंदी नदीला होती, आणि समुद्र केवढा तरी मोठा. मी बर्फातली तळहाताएवढी आठ पापलेटं घेतली आणि स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

बायको मासे खात नाही, आणि स्वयंपाकघरात शिजवूही देत नाही. मी परसातल्या शेगडीवर दोन तास राबत होतो.

“काहून एवढा जीव काढून राहिले?” ती दारातून म्हणाली. “पोट्टी घरचीच आहे.”

मुलगी ताटावर बसली. तिने एक पापलेट उचलून आपल्या तळहातावर ठेवलं. बोटांच्याही आत मावलं.

“बाबा, ये तो बच्चे हैं. एक बार भी अंडे नहीं दिए होंगे,” ती हळूच म्हणाली. “रोहू ले आते, तालाब वाली.”

घाम पुसायला घेतलेलं फडकं माझ्या हातातच राहिलं होतं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, पापलेट ताटात ठेवलं आणि खायला लागली. एक संपवलं, मग दुसरं. काटेही नीट, ताटाच्या कडेला लावून ठेवले.

“छान झालं आहे,” ती म्हणाली. एरवी ती माझ्याशी हिंदीत बोलते. हे मात्र तिने शुद्ध मराठीत, पाहुण्यांच्या घरी म्हणावं तसं म्हटलं. मी अजून एक वाढू का विचारलं, आणि तिने हसून ताट पुढे केलं. गेल्या वर्षी ती माझ्याशी भांडली होती, तेव्हा निदान ती माझी होती.