चाळीस माणसांचा गंज

राजापेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून इंदूबाई राहायच्या. घरात माणसं दोन, आणि वरण शिजवायचा पितळेचा गंज मात्र चाळीस माणसांचा. रविवारी त्यांनी अंगणातून नुसतं "आज रोडगे हायेत" म्हटलं, की सारी गल्ली आपापलं ताट घेऊन हजर. गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, खरपूस भाजलेले कणकेचे गोळे, तूप, वांग्याची भाजी, वरण. मी धूर पाहून निघायचो. आमच्या घरचे म्हणतात, धुराच्या आधी.

एकसष्ट साली त्यांच्या यजमानांची, जानरावांची, बदली झाली थेट अलिबागच्या कचेरीत.

"अवं, दोघांले एवढा गंज कायले?" जानरावांनी हात जोडले.

"तिथं माणसं जेवत नाहीत काय?"

गंज गेला. मग पत्रं यायची: रविवारी समुद्रावर जातो, वाळूत बसतो, परत येतो. दर पत्रात तेच. गल्लीत वाचून दाखवताना मी पदरची दोन गलबतं घालायचो, नाहीतर ऐकतं कोण!

दिवाळीनंतर मी तिकडे गेलो. इंदूवहिनींनी दारातच धरलं.

"भाऊजी, पाच महिने झाले, माह्या घरी कोणी जेवलं नाही. या रविवारी समुद्रावर रोडगे. बारा घरी सांगून आली मी. सारे म्हणले, येऊ हां."

गोवऱ्या मिळाल्या नाहीत, म्हणून नारळाच्या सोडणांचा आर केला. पाणी लांब गेलं होतं. जानरावांनी हौसेनं सपाट, ओली जागा निवडली.

"पाहा, कशी सारवल्यावानी हाये!"

"समुद्रानंच सारवली असंल तुमच्यासाठी," मी म्हटलं. आपण काय बोलून गेलो, ते मला दुपारी कळलं.

बारा वाजले. कोणी नाही. एक वाजता शेजारच्या आशाबाई टोपलीत मासळी घेऊन घराकडे निघालेल्या दिसल्या. वहिनी धावल्या.

"कावून हो, येता ना?"

"अगं बाई, आज रविवार! म्हावरं सोडून वांगं खायला कोण येईल?"

"पण तुमी तं येऊ म्हणलं होतं."

"तोंडावर नाही कसं म्हणायचं हो?" त्या ओशाळून हसल्या आणि गेल्या.

"रोडगे काढा वहिनी," मी म्हटलं. "बारा घरचे मी एकटा खातो."

"पाहुण्याच्या आधी? तुमी तं घरचे." त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. "अकरा घरं बाकी हायेत."

आमच्याकडे पाहुणा बसल्याशिवाय आरातला रोडगा निघत नाही. तो निघाला नाही. दोन वाजता भरतीचं पाणी आलं. जानराव ताटानं वाळूचा बांध घालायला लागले, बांध ताटासकट गेला. आर चर्रकन विझला. आम्ही तिघांनी गंज तेवढा उचलला. रोडगे पाण्यावर डुलत होते आणि वहिनी गुडघाभर पाण्यात पळी धरून उभ्या होत्या.

निघायच्या दिवशी घासूनपुसून लख्ख केलेला गंज त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

"घेऊन जा भाऊजी. इथं पातेलं पुरते."

मी जानरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तीन वर्षं तं बदली नाही," आणि गंजाला दोरी बांधायला लागले.

बडनेऱ्याच्या स्टेशनाहून टांग्यानं गल्लीत शिरलो. टांग्यात गंज पाहून समोरच्या पार्बताबाई ताट पुसतच बाहेर आल्या.

"आली काय रे माही इंदू?"

मी गंज खाली उतरवला. तो रिकामाच होता, पण एकट्याला जड गेला.