शेवटच्या पासची फिल्म

माझी लेक क्वार्टरबॅक होती. अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो आणि कुणाकडे फेकायचा ते दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं. मुलींच्या लीगमध्ये कुणी अंगावर पडत नाही, कमरेची पट्टी ओढली की खलास. पण डोकं तेवढंच लागतं. शनिवारी सकाळी इथे आखातात, आमच्या अल मजाजच्या घरात ती अमेरिकेतले प्रोफेशनल सामने लावायची आणि दर पासला थांबवायची. मी पोळ्या अर्ध्यावर टाकून येऊन बसायचे.

“आई, डोन्ट वॉच द बॉल. वॉच द डिफेन्डर्स.”

क्रिकेटवर वाढलेली बाई मी, बॉल सोडून काय बघणार, कपाळ? पण शिकवलं हं तिने. बॉल झेलायला पळणारा आपला गडी वळायच्या आतच पास सोडायचा. तो आहे तिथे नाही, पोचणार असेल तिथे. सगळे अडवलेले असले तर हट्ट न करता बॉल सरळ मैदानाबाहेर फेकून द्यायचा.

गेल्या हिवाळ्यात अल कुसैसच्या मैदानावर लीगचा शेवटचा सामना होता. आमची फायनल आधीच पक्की झाली होती. फिल्म काढायचं काम माझ्याकडे. कोचनी बजावलं होतं, अख्खं मैदान दिसलं पाहिजे. फायनलला क्वार्टरबॅक कोण, ते फिल्म बघून ठरणार. हमरियातल्या कारखान्यात मी क्वालिटी बघते, मला कुणी काम शिकवू नये, असा माझा तोरा.

शेवटचं मिनिट आलं, आम्ही मागे, आणि माझा धीर सुटला. पायऱ्या उतरून मी डाव्या कोपऱ्यातल्या कठड्याशी गेले आणि फोन तिच्या चेहऱ्यावर झूम केला. तिने बॉल डावीकडे फेकला. समोरच्या टीमची मुलगी जणू वाटच बघत होती. तिने तो मध्येच झेलला आणि पळत सुटली. हरलो.

“माय बॅड, कोच,” एवढंच ती म्हणाली.

सोमवारी प्रॅक्टिसला कोचनी लॅपटॉपवर फिल्म लावली, आवाज बंद करून. मैदान कुठेच नव्हतं, नुसता माझ्या लेकीचा चेहरा. त्यांनी चित्र थांबवून तिच्या डोळ्यांवर बोट ठेवलं. क्षणभर उजवीकडे, मग नजर डावीकडे, आणि पास सुटेपर्यंत तिथेच. क्वार्टरबॅकने एकीकडे बघून दुसरीकडे टाकायचं असतं, ते म्हणाले, हिने तर समोरच्यांना पत्ताच सांगितला. फायनलला दुसरी मुलगी खेळेल.

 मला काही बोचलं की मी ओरडते, त्याला काय करणार! गाडीत मी तिलाच फैलावर घेतलं. “मला इतकं शिकवतेस, आणि स्वतः एकीकडेच टक लावून काय बघत बसलीस गं?”

ती खिडकीबाहेर बघत होती. “लीव्ह इट, आई.”

शुक्रवारी अर्धा दिवस ऑफिस. घरी येऊन मी ती फिल्म पहिल्यांदाच आवाजासकट लावली. बॉल तिच्या हातात येतो, ती उजवीकडे मान वळवते, आणि फोनमधून माझाच आवाज येतो, कान फाटतील असा: “टाक गं! टाक की!” तिची नजर गर्रकन डावीकडे येते. माझ्याकडे.

आपल्या हातात बॉल असताना आपल्या लोकांनी चिडीचूप राहायचं, असा या खेळातला रिवाज. आम्ही आपल्याच बॅटिंगला घसा फोडणारी माणसं. ओरडल्याचं मला आठवतही नव्हतं. तिला आठवत होतं, आणि तिने ते कोचना सांगितलं नाही, मलाही नाही.

मी तिच्या खोलीत गेले. “आत्ता फोन करते कोचना. चूक माझी आहे.”

“प्लीज डोन्ट. आय शुडन्ट हॅव लुक्ड.”

मी फोन ठेवून दिला, पण रडू आवरेना. लेकीची जागा मी घालवली होती, आणि वर तिलाच बोलले होते.

फायनल आमची टीम जिंकली. ती सबंध सामना कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही.