दोन फूट कापायची खोली

मी शब्द फिरवला असं आमच्या मंडळात कुजबुजतात, म्हणून हे लिहितोय. भुताखेतांच्या गोष्टींना मी आजवर तोंडावर हसत आलो. माझा धंदाच पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या विकण्याचा... इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरजवळ गोडाऊन आहे. असलं काही असतं, तर आधी मला दिसलं असतं!

गेल्या उन्हाळ्यात एक अख्खी खोली घेतली. इंग्लंडमधल्या एका जमीनदाराच्या हवेलीतली, चारी भिंती ओकच्या फळ्यांच्या. सोबत हकिकतीचा कागद होता. हवेलीभोवती मैलभर गवताळ रान, झाडांच्या रांगा, पाळलेली हरणं. युद्धात तिथे सैनिक राहिले. पुढे वारसाला खर्च झेपेना. हवेली पाडली, रानात कॉलनी झाली. ही एक खोली तेवढी कुणा गिरणीमालकाने अमेरिकेत आणली. त्याचाही बंगला पडला, तेव्हा ती माझ्याकडे आली.

गिऱ्हाइकाला दाखवायला अशी खोली आम्ही तात्पुरती उभी करतो. गोडाऊनच्या मधोमध केली— वर छत नाही, खिडकीला काच नाही. शिरीष नावाच्या डॉक्टरने बेसमेंटमधल्या होम थिएटरसाठी पसंत केली. "फक्त वरून दोन फूट उडवा, दादा. माझं सीलिंग लो आहे." मी हो म्हटलं.

भर दुपारी मापं घ्यायला आत गेलो. कापायची पहिली रेघ मारली, आणि मागे दार लागलं. त्याला कुलूप नव्हतं, कडीसुद्धा बसवली नव्हती. तरी हलेना. लाथा घातल्या. खिडकीकडे धावलो... बाहेर माझे रॅक नव्हते. गवत. झाडांच्या रांगा. लांब हरणं. हात बाहेर काढायला गेलो, तर बोटं काचेवर आपटली. वर प्लास्टरचं छत!

बायको बाहेर गोडाऊनमध्येच होती, तिला हाका मारून घसा बसला. मग मला जे येतं तेच केलं— घासाघीस.

"दोन नाही, एकच फूट कापतो." दार ढिम्म.

"सहा इंच!" ढिम्म.

"नाही कापत, माझे आई! एक फळीही नाही!" बाहीने रेघ पुसून काढली. दार आपसूक उघडलं.

बायको खिडकीबाहेरच रॅक पुसत होती. "होतात कुठे? अर्धा तास झाला. दोनदा आत डोकावले, खोली रिकामी!"

शिरीषला फोन करून सांगितलं, खोली कापून मिळणार नाही, सौदा रद्द. "जास्त देणारा भेटला वाटतं, दादा?" म्हणाला. हेच तो आता सगळीकडे सांगत फिरतो.

उकाड्याने लाकूड फुगलं असेल, मला भोवळ आली असेल. मानलं. पण मी आत असताना खोली रिकामी कशी दिसली? मला आजही सांगता येत नाही. शिरीषला येत असेल, तर त्याने करवत घेऊन खुशाल आत जावं. मी बाहेर उभा राहतो.